विखुरलेल्या तुकड्यांची स्थानिक खरेदी: मागणीपासून रोजमेळापर्यंत

उष्ण हवामानात बारा माणसांची लष्करी चौकी पिणं, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता धरून माणशी १५ लिटरच्या हिशोबाने दिवसाला १८० लिटर पाणी संपवते. म्हणजे वीस लिटरचे नऊ जेरीकॅन. अशा सहा चौक्या एकमेकींपासून वीस-तीस किलोमीटरवर पसरल्या, की तळावरून निघणाऱ्या गाड्या मुख्यतः पाणी आणि डिझेलच ओढत राहतात. त्या ओढण्यासाठी पुन्हा डिझेल, चालक आणि गाडीसोबतची माणसं लागतात ती वेगळीच. स्थानिक खरेदीचा फायदा भावात शोधू नका, तो वाचलेल्या फेरीत असतो. लिटरमागे थोडं जास्त मोजूनही रस्त्यावरची एक गाडी कमी झाली, तर सौदा स्वस्तात पडला.

खरेदी नीट झाली की नाही, हे एका गोष्टीवरून ठरवावं: पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात परत जाता येईल का? विक्रेता पुन्हा माल देईल का, गावाला आपला राग आलेला नसेल का, चौकीत किती माणसं आहेत हे कुणाला कळलेलं नसेल ना, आणि रोजमेळ (रोजच्या रोकडीची वही) जुळतोय ना? पुढचं सगळं या एका कसोटीसाठी आहे.

काय घ्यायचं, काय नाही

बाजारातून घ्यावं ते असं: पाणी, डिझेल, ताजं अन्न, सरपण किंवा गॅस, लाकूड, वाळू, सिमेंट, पत्रे, ताडपत्री, दोर, साबण, झाडू, साधी अवजारं, पंक्चरचं सामान, किरकोळ नळजोडणी, जनरेटरचे फिल्टर, भाड्याची गाडी किंवा ट्रॅक्टर.

दारूगोळा, स्फोटकं, औषधं, रक्त, ब्रेक आणि स्टिअरिंगचे सुटे भाग, दोरीने उतरण्याचं सामान, रेडिओच्या बॅटऱ्या हे घेऊ नये. नियम सोपा आहे. वस्तू बिघडल्यावर नुसती गैरसोय होणार असेल तर ती बाजारातून चालेल. जीव जाणार असेल तर ती अधिकृत पुरवठ्यातूनच यावी. फुकट मिळालेला पेनड्राइव्ह, राउटर किंवा सिमकार्ड याच दुसऱ्या यादीत धरा.

मागणी लिहिताना

गोंधळाची सुरुवात बहुतेक वेळा चौकीवरून आलेल्या मागणीतच होते. ‘चार पोती’ असं कुणी कळवलं तर त्याला काहीच अर्थ नाही. पोतं २५ किलोचं असतं, ४० चं असतं आणि ५० चंही असतं. ‘दहा कॅन’चंही तसंच. मागणी किलो, लिटर, मीटर आणि नगातच घ्यायची, आणि शेजारी ‘कधीपर्यंत’ व ‘नाही मिळालं तर काय चालेल’ असे दोन रकाने ठेवायचे. दुसरा रकाना फार कामाचा आहे. तो रिकामा असेल तर खरेदीला गेलेला माणूस बाजारात उभा राहून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज सहसा चुकतो.

सुट्या भागांच्या मागणीत नाव नको, माप हवं. एम८ चा (८ मिलिमीटरचा) नट ५/१६ इंची बोल्टवर दोन आटे सहज चढतो आणि मग अडकून बसतो, कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, जाडी जवळपास सारखी, आटे मात्र वेगळे. नळाच्या जोडांमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन आट्यांची अशीच फसगत होते. अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटेच असतात, पण आट्याचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६० अंश. हाताने बसतं, दाब आला की गळतं. म्हणून जुना तुकडा, जुना फिल्टर, तुटलेला बोल्ट पिशवीत घालून, त्यावर चौकीची खूण करून पाठवायला लावा. फोटो पाठवायचाच असेल तर शेजारी पट्टी ठेवून काढलेला पाठवा.

तीन हात

मागणी देणारा, पैसे देणारा आणि माल मोजून घेणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. अमेरिकी लष्करात मैदानी खरेदी करणारा अधिकारी आणि रोकड बाळगणारा अशी जोडीच असते. खरेदी करणारा पैशाला हात लावत नाही आणि रोकडवाला काय घ्यायचं ते ठरवत नाही. यामागे माणसावरचा अविश्वास नाही. एकाच माणसाच्या हातात तिन्ही कामं असली की प्रामाणिक माणसालासुद्धा स्वतःचा हिशोब सिद्ध करता येत नाही, आणि कुंपणच शेत खातंय अशी कुजबुज सुरू व्हायला एक हरवलेली पावती पुरते. चौकी इतकी लहान असेल की तिसरा माणूसच नाही, तर माल मोजण्याचं काम शेजारच्या चौकीतल्या कुणाकडे द्या.

तिघांनाही लेखी नेमणूक हवी. तीत एका खरेदीची कमाल रक्कम, एकूण रक्कम, मुदत आणि काय घ्यायचं नाही हे स्पष्ट असावं. मर्यादेत बसवण्यासाठी एक खरेदी दोन पावत्यांत तोडणं हा तपासणीत सर्वांत आधी पकडला जाणारा प्रकार आहे: एकच दिवस, एकच विक्रेता, एकच माल आणि दोन्ही रकमा मर्यादेच्या जरा खाली. गरज मोठी असेल तर वरून मंजुरी मागा. ती यायला दोन दिवस लागतात, म्हणून साठ्याचा हिशोबही तसाच धरायचा (तो पुढे येतो).

रोकड

सुट्टे पैसे नसणं ही क्षुल्लक अडचण वाटते, पण तिनेच हिशोब बिघडतात. विक्रेत्याकडे मोड नाही म्हणून रक्कम वर ओढली जाते, किंवा ‘राहू द्या, पुढच्या वेळी बघू’ म्हणून उधारी तयार होते, आणि ती कुठेच लिहिलेली नसते. रोकड उचलतानाच निम्मी तरी लहान नोटांत मागा. फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटा तिथेच परत करा.

ज्या चलनावर विक्रेत्याचा विश्वास आहे तेच चालतं. १८१३-१४ मध्ये ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं सैन्य दक्षिण फ्रान्समध्ये शिरलं, तेव्हा गावकऱ्यांना परकं नाणं नको होतं. वेलिंग्टनने आपल्याच शिपायांतले, पूर्वी खोटी नाणी पाडणारे कारागीर हुडकून काढले आणि पाच फ्रँकची नाणी पाडून घेतली. वजन आणि कस मात्र खऱ्या नाण्याचाच ठेवला. आज असलं काही करायची सोय नाही आणि गरजही नाही. पण परकं चलन बाजारात फिरवण्याआधी ते अधिकृत ठिकाणी बदला आणि त्या दिवशीच्या दराची चिठ्ठी रोजमेळाला टाचा.

रोज संध्याकाळी एकच बेरीज करायची. हातातली रोकड आणि पावत्यांची बेरीज मिळून उचललेली रक्कम आली पाहिजे. १०,००० उचलले, पावत्या ६,३५० च्या, तर पेटीत ३,६५० हवेत. ३,६२० निघाले तर वीसतीसचा फरक म्हणून पुढे ढकलू नका. त्याच संध्याकाळी शोधा. आठवड्याने तो सापडत नाही, आणि खिशातून भरून जुळवला तर पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद होतो. जास्त निघालेली रक्कमही चूकच असते: एखाद्याला कमी दिले गेलेत किंवा एखादी पावती दोनदा चढलीय.

पावतीवर तारीख, ठिकाण, माल, परिमाण, दर, एकूण रक्कम अंकी आणि अक्षरी, विक्रेत्याची सही किंवा अंगठा आणि माल घेणाऱ्याची सही असावी. ‘किरकोळ सामान’ असं लिहिलेली पावती घेऊच नये. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीने पावती आपण लिहायची, पण त्याच्या भाषेत वाचून दाखवायची आणि साक्षीदाराची सही घ्यायची. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी आद्याक्षरं करा. खाडाखोड किंवा पांढरी शाई नको.

बाजार वाचणं

पहिल्या भेटीत काही विकत घेऊ नका. फिरा, भाव विचारा, कोणत्या दिवशी कुठून माल येतो आणि किती येतो ते पाहा. प्रत्येक जिनसाचे किमान तीन ठिकाणचे भाव टिपून ठेवा. गणवेशातल्या माणसाला सांगितला जाणारा भाव आणि गावातल्या माणसाचा भाव यांत फरक असणारच, तो किती आहे हे माहीत असलं की पुरे. थोडा चढा भाव द्यायला हरकत नाही. शेवटच्या पैशापर्यंत घासाघीस केली की विक्रेता ते मापात वसूल करतो, आणि मापातलं पाप भावातल्यापेक्षा पकडायला अवघड.

आपल्या खरेदीने बाजार रिकामा होता कामा नये. ढोबळ नियम म्हणून, एखाद्या जिनसाची दिवसाची आवक जेवढी असेल तिच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच थांबावं. त्यापुढे भाव आपल्यामुळे चढतो, आणि तो गावालाही मोजावा लागतो. गाव हे विसरत नाही.

समोरचा माणूस मालाचा मालक आहे की दलाल, हे पहिल्या आठवड्यातच शोधा. दलाल सोयीचा असतो. एकाच माणसाकडे सगळं मिळतं. पण महिन्याभरात तोच आपला बाजार होऊन बसतो आणि बाकीचे विक्रेते आपल्याशी बोलायचे थांबतात. वाहतुकीत तर जास्तच सावध राहा. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैन्याच्या मालवाहतुकीचा २.१६ अब्ज डॉलरचा करार होता. त्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदीय उपसमितीने २०१० मध्ये दाखवून दिलं, की ट्रक सुखरूप जावेत म्हणून ठेकेदार रस्त्यावरच्या सशस्त्र टोळीप्रमुखांना पैसे चारत होते आणि त्यातला पैसा तालिबानपर्यंत पोहोचत असण्याची शक्यता होती. लहान पातळीवरही हेच घडतं. म्हणून भाडं ठरवताना विचारायचं: गाडी कुणाची, चालक कुणाचा, वाटेत कुणाला काही द्यावं लागतं का? उत्तर गोलमोल आलं तर गाडी बदला.

आकडा कळू देऊ नका

रोज ठरल्या वेळी ठरल्या दुकानातून चाळीस भाकऱ्या नेल्या, तर चौकीत किती माणसं आहेत हे दुकानदाराच्या पोरालाही सांगता येतं. मागणी अचानक दुप्पट झाली तर काहीतरी होणार आहे, तेही कळतं. उपाय असे: चौक्यांची खरेदी एकत्र करून मधल्या तळावर आणा आणि तिथे वाटणी करा. कोरडा माल आठवड्याचा एकदम घ्या आणि फक्त ताजं थोडं थोडं घ्या. वार, वेळ, रस्ता आणि विक्रेता आलटून पालटून ठेवा. विक्रेत्याची गाडी चौकीच्या दारात येऊ देऊ नका. दोन-तीन किलोमीटर अलीकडे, नजरेआड, दरवेळी वेगळ्या जागी माल उतरवून घ्या. पावतीवर चौकीचं नाव किंवा माणसांची संख्या लिहायची नसते.

दुसरी बाजूही आहे. आपल्याला माल विकला म्हणून त्या माणसावर नंतर राग निघू शकतो. पैसे कसे आणि कुठे घ्यायला त्याला सोयीचं, हे त्यालाच विचारा. तो ‘दुकानात येऊ नका’ म्हणाला तर कारण न विचारता ऐका.

तपासणी: पाणी

टँकरचं झाकण उघडून आधी वास घ्या. डिझेल, कीटकनाशक किंवा रसायनाचा वास आला तर टँकर परत. क्लोरीन जंतू मारतं. तेल, विष आणि क्षार तसेच राहतात. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि मगच क्लोरीन घाला. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

१,००० लिटरला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने ५ ग्रॅम क्लोरीन लागतं. म्हणजे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण १०० मिलिलिटर, किंवा ६५ ते ७० टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर साधारण साडेसात ग्रॅम. पावडर आधी प्लॅस्टिकच्या बादलीभर पाण्यात कालवा आणि ती टाकीत ओता. ढवळा आणि अर्धा तास थांबा. मग तपासणी पट्टीवर उरलेलं क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास दिसलं पाहिजे. काहीच दिसत नसेल तर पुन्हा निम्मी मात्रा घालून आणखी अर्धा तास थांबा. सुगंधी ब्लीच घेऊ नका. उन्हात राहिलेलं किंवा वर्षभरापूर्वीचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या ताकदीचं उरलेलं नसतं, म्हणून भरवसा पट्टीवर ठेवायचा, मापावर नाही. उघड्या ओढ्या-तळ्याच्या पाण्यातले काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. ते पाणी उकळूनच प्यावं.

बाटलीबंद पाणी घेतलं तर खोक्यातल्या काही बाटल्या उलट्या करून दाबून पाहा. झाकणातून थेंब आला तर ती पुन्हा भरलेली आहे असंच समजा आणि अख्खं खोकं नाकारा.

तपासणी: डिझेल

स्वच्छ काचेच्या बरणीत ड्रमच्या तळातून नमुना काढा. वरून काढलेला नमुना नेहमीच चांगला दिसतो. बरणी गोल फिरवा. मधे भोवरा होईल आणि त्याच्या टोकाशी पाणी व कचरा गोळा होईल. डिझेल उजेडासमोर काचेसारखं पारदर्शक दिसलं पाहिजे. धुरकट असेल तर त्यात पाणी आहे. तळाशी काळपट-तपकिरी बुळबुळीत थर असेल तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढलेत, आणि असं डिझेल एका दिवसात फिल्टर तुंबवतं.

मग हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी. युरोपीय मानकाच्या डिझेलची घनता १५ अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ०.८२ ते ०.८४५ किलो असते. दर अंशाला ती साधारण ०.०००७ ने उतरते. म्हणजे १५ अंशांना ०.८३५ असलेलं डिझेल ३५ अंशांना ०.८२१ दाखवेल, तापमान न मोजता नुसता आकडा पाहून चांगला माल परत करू नका. तापमानाची दुरुस्ती करूनही ०.८१ च्या खाली उतरलं, तर रॉकेल मिसळल्याचा संशय घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर थोडंसं असलं तरी नको, कारण ते डिझेलचा भडका उडण्याचं तापमान झपाट्याने खाली आणतं.

मापाची खात्री वजनाने होते. वीस लिटर डिझेल साधारण १६.५ ते १७ किलो भरतं, डबा वेगळा. विक्रेत्याचा काटा खरा आहे का, हे तपासायला मोजून भरलेलं वीस लिटर पाणी न्या. काट्याने डब्याचं वजन सोडून वीस किलो दाखवले पाहिजेत. दुकानदाराचा अपमानही होत नाही, आणि काटा पुढच्या वेळी आपोआप सुधारतो.

ड्रम आडवे ठेवायचे तर दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी यावीत, म्हणजे बुचांच्या आतून इंधन टेकलेलं राहतं आणि बाहेरची ओल आत ओढली जात नाही. डिझेल वापरण्याआधी रात्रभर निवळू द्या आणि तळातलं शेवटचं बोटभर सोडून द्या. जेरीकॅन गाडीत ठेवून भरू नका. जमिनीवर ठेवूनच भरा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

बाकीचा माल

अन्नात फुगलेला डबा, गंजलेली शिवण, ओलसर पोतं नाकारा. शिजवलेलं विकत घेण्यापेक्षा कच्चं घेऊन स्वतः शिजवा. शिजवलेलं ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांहून जास्त राहू नये. विखुरलेल्या तुकड्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एकाच घाण्यातला नाशवंत माल सर्व चौक्यांना एकाच दिवशी वाटू नये. खराब निघाला तर सहाच्या सहा चौक्या एकदम आजारी पडतात आणि आधाराला कुणी उरत नाही. पोत्यावर खरेदीची तारीख आणि विक्रेत्याची खूण रंगवून ठेवा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवं म्हणून विकलेलं टायर सहा वर्षांपूर्वीचं असेल तर नको. साधा अल्कलाइन सेल नवा असेल तर मीटरवर दीड व्होल्टच्या वर दाखवतो. खोक्यातले चार कुठलेही काढून तपासा, वरचेच नको.

वाटणी आणि साठा

माल चौकीनिहाय आधीच बांधा, प्रत्येक चौकीला एक रंग द्या, आणि जी चौकी शेवटी येते तिचा माल गाडीत सर्वांत आधी चढवा. रिकामा जेरीकॅन परत दिल्याशिवाय भरलेला द्यायचा नाही. ही सवय सुटली की महिन्याभरात कॅनच संपतात.

मागणी कधी द्यायची याचं गणित असं: माल यायला दोन दिवस आणि राखीव तीन दिवस, म्हणजे साठा पाच दिवसांवर आला की मागणी. बारा जणांच्या चौकीला पाण्यासाठी हा आकडा ९०० लिटर. मंजुरीला आणखी दोन दिवस लागत असतील तर १,२६०.

साठ्याची उधळपट्टी आणि गावावरचा जुलूम यांचं नातं जुनं आहे. १६७० च्या दशकात चिपळूणकडे पावसाळी छावणीत असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच आहे. दाणा-वैरण मन मानेल तशी उडवली तर पावसात काही मिळणार नाही, मग रयतेकडून ओरबाडणं सुरू होईल. जे लागेल ते बाजारातून विकत आणावं. आजचा कायदाही तिथेच येतो. १९०७ च्या हेग युद्धनियमांतल्या कलम ५२ नुसार, व्यापलेल्या प्रदेशात वस्तू मागवायच्या तर त्या सैन्याच्या गरजेपुरत्या आणि प्रदेशाच्या ऐपतीच्या प्रमाणात असाव्यात, शक्यतो रोख पैसे द्यावेत, नाहीतर पावती द्यावी आणि रक्कम लवकरात लवकर चुकती करावी. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ५५ अन्न आणि औषधांबाबत आधी नागरिकांच्या गरजा पाहायला लावतं. ‘नंतर देऊ’ म्हणून उचललेलं सामान ही खरेदी नव्हे.

बदलीच्या दिवशी

तुकडी बदलताना हिशोब कागदावरच मिटवून निघू नका. जुना आणि नवा रोकडवाला दोघांनी मिळून प्रत्येक विक्रेत्याकडे जावं आणि एकच प्रश्न विचारावा: ‘आमच्याकडून काही येणं बाकी आहे का?’ तो सांगेल तो आकडा वहीशी ताडून पाहा. फरक निघाला तर जुना माणूस अजून हजर असतानाच तो मिटवा, विक्रेत्याची ‘बाकी काही नाही’ अशी सही घ्या, आणि मगच पेटीची किल्ली द्या.